जखमेला हळद, गाडीला पाणी

आप्पा, तुमच्या गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं मी. तुम्ही असता तर उघडू दिलं नसतं हे मला माहीत आहे, आणि का उघडू दिलं नसतं हेही आता माहीत झालंय. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी पोरं तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतले फेटेवाले आजोबा म्हणूनच ओळखतात. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. का बरं? मेलेला माणूस माझ्याबद्दल जे बोलून गेला ते वाक्य अजून जिवंत आहे, गावात चांगलं धडधाकट हिंडतंय. वाक्य जिवंत तर भांडणही जिवंत. तुम्ही ऐकायला नाही, ही तुमची अडचण, माझी नाही.

गाडी साताऱ्याला कशी आली ते आधी सांगते. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याचा फोन आला. घराच्या रस्त्याकडचं तुमचं ते पत्र्याचं छप्पर पाडून त्याला दोन गाळे काढायचे होते. म्हणाला, "आक्का, पिकअप भंगारात घालतोय. सांगलीचा माणूस बघून गेलाय. तुला सांगावं म्हटलं." मी म्हटलं, "भंगारात नगं. मला दे." तर हसला. "न्हे की मग. तूच मारलेली, तूच न्हे." तो काही वाईट मनानं बोलला नाही. गाडी बंद पडली त्या वेळी तो शाळेत होता, त्यानं ते वाक्य पाढ्यासारखं ऐकून ऐकून पाठ केलंय. पण मी दुकानाच्या काउंटरला उभी होते, समोर गिऱ्हाईक क्लच प्लेट मागत होतं, आणि मी त्याच्यापुढं भलताच डबा ठेवला. तिथंच ठरवलं. ही गाडी मी चालू करणार, आणि खंडेनवमीला, गावातल्या सगळ्या गाड्या धुऊनपुसून पूजेला उभ्या असतात तेव्हा, स्वतः चालवत दारात नेऊन उभी करणार. आणि त्याआधी ती कशानं मेली होती ते माझ्या डोळ्यांनी बघणार.

दुकान म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान, आप्पा. तुम्ही होता तेव्हा मी नोकरी करते एवढंच सांगितलं होतं. कसलं दुकान ते तुम्ही विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. गाडीचं नाव काढलं की आपल्या दोघांत भिंत उभी राहायची. तर पिकअप एका मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून साताऱ्याला आली आणि आमच्या शेडात शिरली. हे शेड ह्यांनी फौजेतून आल्यावर मोटार घ्यायची म्हणून मारलेलं. मोटार काही आली नाही, शेडात कांदे आणि सायकल. कांदे हलवले. तुमच्या जावयाला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, पण सगळी नोकरी भांडारात काढलेली असल्यानं एक बोल्ट इकडचा तिकडं होऊ देतील तर शपथ. लोणच्याच्या जुन्या बरण्या मांडून प्रत्येकीवर चिठ्ठी: पुढचं चाक उजवं, पुढचं चाक डावं. मी हात पुढं करून पाना मागितला की म्हणणार, "मॅडम, आधीचा जमा करा, मग दुसरा इश्यू होईल." शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "वहिनी, ह्या वयात हे काय?" मी म्हटलं, "ह्या वयात भजनाला गेले असते तर विचारलं असतंत का?" त्यानंतर ती रोज डोकावते, पण विचारत काही नाही.

दार उघडून पहिल्यांदा आत बसले तेव्हा मी सवयीनं डावीकडं बसले. माझी जागा तीच होती ना. गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून दाराला चिकटून बसायची. नदीकाठच्या गावांतली हळद सांगलीच्या यार्डात टाकायची, येताना आपल्या भागातल्या कुणाचं खत, कुणाचे पत्रे, आणि हंगामात इकडून बेदाणा न्यायचा. गाडीला हळदीचा वास, तुमच्या सदऱ्याला हळदीचा वास, आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. सीटखाली तुपाचा एक रिकामा डबा असायचा, त्यात दळलेली हळद. रेडिएटर ठिबकायला लागला की तुम्ही झाकण उघडून मूठभर हळद आत सोडायचा. गरम पाण्यात ती फिरते, बारीक भोकाशी जाऊन बसते, गळती बंद. मला ती जादू वाटायची. "जखमेला हळद, तशी गाडीला बी हळद," असं म्हणून तुम्ही पिवळा हात माझ्या गालाला पुसायचा. आणि मी हसायची.

हे मी विसरले नाही, आप्पा. म्हणूनच तर राग आहे. तुम्ही इतर बापांसारखे नव्हता. मी चौथीत असताना तुम्ही मला बारा-तेराचा पाना दिलात, माझा स्वतःचा. आई म्हणाली, "पोरीला पैंजण आणायचं सोडून पाना?" तर तुम्ही म्हणालात, "पैंजण वाजत्यात नुसती. पाना कामाला येतो." ज्वारी निघाल्यावर मोकळ्या रानात तुम्ही मला गाडी शिकवलीत. क्लच सोडताना गाडीनं उडी मारली की ओरडायचा, "कांदं भरल्यात का पायात?" आणि बांधावरनं कुणी म्हणालं, "आप्पा, पोरीची जात हाय, कशाला ह्यो उद्योग," तर तुम्ही काच खाली करून सांगायचा, "माजी पोर हाय. तुमाला काय तरास?" त्या काळात तालुक्यात माझ्याएवढी मान ताठ करून चालणारी दुसरी पोरगी नसेल. तुम्हीच ती ताठ केलीत. आणि तुम्हीच वाकवलीत.

त्या दिवशीचं सगळं मला अजून दिसतं. गाडीत बेदाण्याच्या पेट्या भरल्यात, सांगलीला सौदा आहे. तुमच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, आदल्या आठवड्यात पेटी निसटून हातावर पडलीय. दुसरा ड्रायव्हर मिळत नाही. तुम्ही किल्ली माझ्याकडं टाकता आणि म्हणता, "चल. मी हाय शेजारी." मी एकोणीस वर्षांची आहे आणि किल्ली हवेतच झेलते. निघण्याआधी तुम्ही बॉनेट उघडता, रेडिएटर ठिबकतोय. डावा हात डब्यात जातो. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी. मी म्हणते, "आप्पा, लय झाली न्हाई का?" तुम्ही म्हणता, "गप. जखमेला हळद कवा लय हुती व्हय?" झाकण लावता. आपण निघतो, आणि आज पहिल्यांदा तुम्ही डावीकडं बसलाय आणि मी उजवीकडं.

दंडोबाच्या डोंगराजवळचा चढ लागतो. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा वर सरकायला लागतो. मी म्हणते, "आप्पा, काटा वर चाललाय." तुम्ही म्हणता, "काट्याकडं बगू नगं, रस्त्याकडं बग." काटा लाल पट्ट्यात जातो. "आप्पा, थांबवू का?" "भरल्या गाडीनं चढाला थांबायचं न्हाई. लोकं हसत्यात. दम धर, वर गेल्यावर बगू." मी दम धरते. तुम्ही सांगितलंत म्हणून धरते. मग गाडी आचके द्यायला लागते, कुकरची शिट्टी उडावी तशी बॉनेटमधून वाफ फुटते, खालून एक खडखड आवाज येतो आणि इंजिन थांबतं ते थांबतंच. मागून येणाऱ्या गाड्या थांबतात. आपल्या गल्लीतले अण्णा, तुमच्या जोडीचे ड्रायव्हर, धावत येतात. "काय झालं रं आप्पा?" तुम्ही माझ्याकडं बघता. मी अजून स्टिअरिंग धरून बसलेय. तुम्ही खाली उतरता, दार आपटता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "पोरीनं गाडी मारली."

तेवढंच. शिवी नाही, मार नाही. मार दिला असतात तर बरं झालं असतं, तो विसरले असते. गाडी दुसऱ्या गाडीला टोचन लावून घरी आली आणि छपराखाली उभी राहिली. गावात ती 'पोरीनं मारलेली गाडी' झाली. पत्ता सांगताना लोक सांगायचे, पोरीनं मारलेली गाडी उभी आहे त्याच्या पलीकडच्या बोळात. कुणाच्या घरात पोरगी स्कूटर शिकते म्हणाली की तिला आपल्या छपराकडं बोट दाखवायचे. ज्यांना तुम्ही काच खाली करून गप्प बसवलं होतंत त्यांनीच पारावर सांगितलं, पोरीच्या हातात गाडी द्यायची नसते, आणि तुम्ही मान हलवलीत. मला तेव्हा खरंच वाटलं, माझंच काही चुकलं असेल. गिअर चुकला असेल. पाय चुकला असेल. साताऱ्याला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "गाडी येती म्हणं तुला?" मी म्हटलं, "न्हाई." खोटं बोलले, आप्पा, तुमच्यामुळं. आणि माझ्या हळदीच्या दिवशी सगळं गाव मांडवात असताना तुम्ही तिकडं छपराखाली गाडीत जाऊन बसला होता. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज, पोर चालली म्हणून. मला वाटलं, राग अजून गेला नाही.

तर हेड उघडलं. जाम बोल्टांत आठवडाभर डिझेल सोडून ठेवलं, मग पान्याला लांब पाइप लावून एकेक ढिला केला. ह्यांनी दुसऱ्या टोकाला जोर लावला आणि दर बोल्टला "जय भवानी" म्हटलं. हेड उचललं आणि मी बघतच राहिले. इंजिनात पाणी फिरायच्या ज्या वाटा असतात ना, त्या सगळ्या चोंदलेल्या. जनावराला घालतो त्या पेंडीसारखं काहीतरी ठासून भरलेलं, वरून गंजाचं तांबूस. रेडिएटर उघडला, त्यातही तेच. स्क्रू ड्रायव्हरनं एक खडा काढला, फोडला. आतून पिवळा. थुंकी लावून चोळला तर बोट पिवळं झालं. हे म्हणाले, "हळद आहे का ही?" मी बोट नाकाशी नेलं आणि तुमचा सदरा आठवला. पाणी फिरायला जागाच नव्हती, आप्पा. त्या दिवशी गाडी मी चालवली असती काय, तुम्ही चालवली असती काय, नाहीतर आणखी कुणी, ती चढाला मरणारच होती. वर्षानुवर्षं मूठमूठ घालून तुम्ही तिचा गळा आवळत आणला होता, आणि शेवटच्या तीन मुठी माझ्यासमोर. मी शेडातच खाली बसले आणि हसले. इतकी हसले की हे घाबरून पाणी घेऊन आले. मग रडले. मग उठून दुपारभर त्या वाटा खरवडत बसले.

पण थांबा, भांडण इथं संपत नाही. इथवर मी तुम्हाला अजाण समजत होते. पिवळे खडे डब्यात घालून मी एसटीनं गावाला गेले आणि डबा आईपुढं ठेवला. धाकटा म्हणाला, "आक्का, गेलेल्या मानसाचं आता काय काढायचं?" मी म्हटलं, "तू गप. माजं काढताना कुनी विचार केला?" आईनं एक खडा उचलला, वास घेतला, परत डब्यात ठेवला. नजर वर करेना. मग म्हणाली, "त्यास्नी ठावं हुतं गं." मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "सांगलीचा फिटर आला हुता दोन दिसांनी. त्यो म्हनला, हेड खोलून बगू, हुईल चालू. ह्यांनी त्याच्या हातातला पानाच काडून घेतला. मी म्हनलं, आवं, खोलू द्या की. तर म्हनले, खोलून काय दिसायचं ते मला ठावं हाय. त्याच दिवशी हळदीचा डबा आनून माज्या चुलीपाशी ठिवला. गाडीला आता नगं म्हनले."

मी विचारलं, "मग तू का न्हाई बोललीस?" आईनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या बापाला गाडीबिगर काय हुतं? तुला तर लगीन हुतं, घर हुतं, पोरंबाळं व्हनार हुती."

म्हणजे तुमचं दोघांचं न बोलता ठरलं होतं, की माझ्याकडं गमावण्यासारखं काही नाही. तुमचं नाव जायला नको, पोरीचं गेलं तर काय, पोरगी असंही नाव बदलून दुसऱ्या घरी जाते. छान. ती गाडी नीट झाली असती. तुम्ही उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून काढलंत, पण ती उघडू दिली नाहीत. लोकांना वाटलं, केवढा धक्का बसलाय आप्पाला. धक्का कसला? तुम्ही तिला पुरून ठेवलं होतंत आणि वर माझ्या नावाचा दगड. हळदीच्या दिवशी तुम्ही गाडीत का बसला होता तेही मला आता वेगळं वाटायला लागलंय, पण वाटू दे. तेवढ्यावर तुमची सुटका नाही. एकदा, मांडवात नाही तर नाही, नंतर कधीतरी दिवाळीला आले असताना, अंगणात दोघंच असताना, "तुझी चूक नव्हती" एवढं म्हणायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? मी कुणाला सांगितलं नसतं. तुमच्यासाठी मीच म्हणत राहिले असते की मी मारली. पण ते माझं मी म्हटलं असतं.

साताऱ्याला परत आले आणि कामाला लागले. इंजिनाला नवा बोअर मारून आणला, पिस्टन-रिंग नवे, डिझेलचे पंप-नोझल दुरुस्त करून घेतले, रेडिएटर दुरुस्तीला न देता नवाच घेतला. त्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवणार नव्हते. पत्रा सडलेला तिथं कापून नवा जोडला, खड्ड्याखुड्ड्यांत लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. लायसनची परीक्षा मी दिली, आरटीओचे बाकीचे खेटे ह्यांनी घातले. रांगेत उभं राहायला फौजी माणसासारखा माणूस नाही. तुमचा बारा-तेराचा पाना पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या खिशात होता, आणि तो मी भांडारात एकदाही जमा केला नाही, त्यावरून घरात दोनदा वाद झाला. रंगारी आला तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, मागं फाळक्यावर काय लिहू? आईची कृपा? वडिलांचा आशीर्वाद?" मी म्हटलं, आशीर्वाद राहू दे. लिही, 'जखमेला हळद, गाडीला पाणी.' तो म्हणाला, "म्हंजे काय वं ताई?" म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळंल." त्यानं पिवळ्या अक्षरांत लिहिलं. रंग मी सांगितला नव्हता, त्यानं आपला निवडला.

खंडेनवमीला पहाटे साताऱ्यातून निघाले. हे डावीकडं, मांडीवर हत्यारांची पेटी. कराड गेलं, सांगली गेली, मिरज गेली. मग दंडोबाचा तो डोंगर आला, ह्या बाजूनंही चढच. भरल्या गाडीनं चढाला थांबायचं नाही म्हणता ना? गाडी भरली होती, मी मुद्दाम धाकट्याच्या गाळ्यांसाठी सिमेंटची पोती घेतली होती. चढाच्या ऐन मध्यावर मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. हँडब्रेक ओढला. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. थांबावंसं वाटलं." काटा मधोमध, हलला नाही. मागून एक टँकर हॉर्न मारत गेला, मी हात बाहेर काढून त्याला जा म्हटलं. मग क्लच सोडला, गाडी एक इंचही मागं न जाता वर चढली. पायात कांदे भरलेत का, विचारा आता.

दारात गाडी उभी केली तेव्हा गल्ली भरलेली होती. सगळ्यांच्या गाड्यांना झेंडूच्या माळा, ट्रॅक्टरला, मोटारसायकलींना. धाकट्यानं बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. पोरं फाळक्यावरचं मोठ्यानं वाचायला लागली. अण्णा काठी टेकत आले, आता त्यांना नीट दिसत नाही, बॉनेटवर हात फिरवून त्यांनी गाडी ओळखली. मग त्यांनी तेच विचारलं, आप्पा, जवळजवळ त्याच शब्दांत. "काय झालं हुतं गं हिला?" आई उंबऱ्यात ताट घेऊन उभी. तुम्ही जिथं उभे होता तिथंच मी उभी होते, सगळ्यांसमोर, दुसऱ्याचं नाव तोंडाशी घेऊन. गावाला वाटत असेल की पोरगी बापाची लाज राखेल. मी राखली नाही. स्पष्ट आवाजात सांगितलं, "हळदीनं चोंदली हुती, अण्णा. हळद आप्पांनी घातली हुती. मी न्हाई मारली."

अण्णा खो खो हसले. "हात्तिच्या! हळद व्हय? आगं, म्या बी एक इंजिन खाल्लंय की हळदीनं! आमी सगळंच घालायचो." मग दुसरा म्हातारा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. तिसऱ्यानं कुणाचं तरी अजून एक सांगितलं, आणि गल्लीत नुसता हशा. कुणाला धक्का बसला नाही. कुणी तुमच्या नावानं बोटं मोडली नाहीत. अण्णांनी डोळे पुसत म्हटलं, "येड्यानं सांगायचं न्हाई का? ह्यात लाजायचं काय हुतं?" मी एवढी वर्षं ज्याच्यासाठी दात धरून होते ते एका हशात संपलं. संपलं असतं हो, आप्पा, तुमच्याही वेळी. त्या चढावर, वाफ निवायच्या आत. तुमची थोडी चेष्टा झाली असती, एक चहा झाला असता, आणि मी गाडी चालवत राहिले असते. मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता जितका ते हसत असताना आला, आणि तुमची इतकी कीवही कधी आली नव्हती. दोन्ही खरं आहे, त्यातलं एकही मी मागं घेणार नाही.

पूजेला धाकट्यानं रीतीप्रमाणे नारळ उचलला. आपल्याकडं बायकांनी ओवाळायचं, नारळ पुरुषानं फोडायचा. मी हात पुढं केला. त्यानं नारळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दिला. म्हणाला, "घे. तूच उठवलीस." एका घावात फोडला. पाणी चाकावर उडालं. आईनं गाडीला ओवाळलं आणि मग मलाही कुंकू लावून ओवाळलं. मी तिच्याशी पूर्वीसारखी बोलायला लागलेली नाही अजून. लागेन. घाई नाही.

आता साताऱ्यात दुपार आहे, शेडाचा पत्रा तापलाय आणि मी गाडीत बसून हे लिहितेय. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवायचा नाटकीपणा माझ्यानं होणार नाही. पण एक सांगते, तेवढ्यासाठी कागद पुरवून ठेवलाय. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा लागलं, खोकलं, धूर ओकलं आणि मग एकसारखं चालायला लागलं, तेव्हा हे आनंदानं पेढे आणायला पळाले. मी एकटी होते. मी उजवीकडून उतरले, गाडीला वळसा घातला आणि डावीकडं येऊन बसले, दाराला चिकटून. इंजिन चालू होतं आणि उजवीकडची सीट रिकामी. किती वेळ बसले कोण जाणे. ह्यांची सायकल वाजली तेव्हा घाईनं परत तिकडं जाऊन बसले. आत्ताही मी डावीकडंच बसलेय. लिहिताना स्टिअरिंग आडवं येतं म्हणून, असं मी ह्यांना सांगितलंय.